दोरी नसलेलं दार

चंद्राबाई कधी खोटं बोलली नाही, असं तिचं जिवाभावाचं माणूसही म्हणणार नाही. पाहुणे आले आणि घरात दूध नसलं की "मांजरानं सांडलं" म्हणायला ती मागेपुढे पाहत नसे. पण यंदाच्या दिवाळीत ती जे खोटं बोलली ते एकाच शब्दाचं होतं आणि तेच अंगाशी आलं. मुलानं, ऋषिकेशनं, जपानहून फोन करून विचारलं, "आई, मामा आला का गं गोड घेऊन?" आणि चंद्राबाई म्हणाली, "नाय."

मामा आला होता.

त्याचं असं झालं. कशेळ्याच्या बाजारापासून आत दोन मैलांवर चंद्राबाईचं घर. आषाढात तिचा नवरा मालोजी गेला, बसल्या जागी, चहाचा कप हातात असताना. त्यांच्या भावकीत रीत अशी की घरात माणूस गेलं की घर सण धरत नाही आणि बाई गोड खात नाही. सव्वा महिना उलटला की तिच्या माहेरचा माणूस, म्हणजे भाऊच, गोड घेऊन दारात येतो आणि आपल्या हातानं तिच्या तोंडात पहिला घास घालतो. मुलानं घातलेला चालत नाही, दिरानं घातलेला चालत नाही. भावाचा घास पोटात गेला की बाई दुःखातून बाहेर आली असं गाव मानतं. मग ती हळदीकुंकवाला नसली तरी बारशाला जाते, चारचौघींत बसते, खीर खाते, हसते.

चंद्राबाईला भाऊ एकच, मोरू. खालापूरकडचा, खोपोलीच्या शिळफाट्यावर राहणारा. जन्मभर रसायनीच्या कंपनीत नोकरी करून आता निवृत्त झालेला. आणि मोरूचं नि मालोजीचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. कारण ऐकाल तर हसाल. मोरूच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत मालोजीचं नाव, घरचा थोरला जावई असून, चार पाहुण्यांच्या खाली छापलं गेलं. मालोजीनं पत्रिका चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली आणि लग्नाला गेला नाही. मांडवात कुणी विचारलं तेव्हा मोरू म्हणाला, "नाय आला तर नाय आला, लगीन थोडंच अडलंय?" हे वाक्य संध्याकाळच्या जीपनं कशेळ्याला पोचलं. तिथून पुढे नऊ वर्षं दोन्ही घरांनी मानपान सांभाळला आणि चंद्राबाई मध्ये भरडली गेली.

म्हणून मोरू श्रावणात गोड घेऊन आला तेव्हा तिनं त्याला दारातून परत पाठवलं. घरात ती एकटीच होती, ऋषिकेश तेरावं करून जपानला परत गेला होता. गाव बेणणीला, भातातलं तण काढायला, शेतात गेलेलं. कुणी पाहिलं नाही. दिवाळीत ती "नाय" म्हणाली आणि ऋषिकेशचं डोकं फिरलं. त्यानं भावकी-सोयऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामाला चार शब्द सुनावले आणि ग्रुपमधून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी शेजारची मोतीबाई पदर सावरत आली आणि म्हणाली, "सख्खा भाऊ गं, आणि फिरकला पण नाय!" चंद्राबाई चुलीतली राख सारखी करत राहिली.

मोरूनं उलट एक अक्षर लिहिलं नाही. ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

नोव्हेंबरात सून सुरभी कर्जतला माहेरी आली होती, ती जाताना सासूला बरोबर घेऊनच गेली. मालोजीच्या हयातीत दोघांचे पासपोर्ट झाले होते. "पोरगा बोलावेल तवा जाऊ," असं तो म्हणायचा. आता एकच पासपोर्ट पर्समध्ये ठेवून चंद्राबाई विमानात बसली आणि पट्टा लावताना तिला रडू फुटलं. सुरभीनं काही विचारलं नाही, नुसता हात धरून ठेवला. सून चांगली आहे, हे चंद्राबाईला नऊ हजार मीटरवर पुरतं पटलं.

ऋषिकेश नागानोकडच्या एका लहान गावात राहत होता. सुट्या भागांचा कारखाना, कंपनीनं दिलेलं दुमजली घर, पाठीमागे डोंगर. डिसेंबरच्या मध्यापासून बर्फ सुरू झाला. पहिले दोन दिवस चंद्राबाईनं खिडकी सोडली नाही. तिसऱ्या दिवशी ती साडीवर मुलाचं जाडजूड जाकीट आणि पायात गुडघ्यापर्यंतचे बूट घालून बाहेर पडली आणि फावड्यानं दारातला बर्फ ओढू लागली. शेण-माती ओढलेल्या हाताला ते काम फार हलकं वाटलं.

वर्षअखेर जवळ आली तशी गल्ली कामाला लागली. ख्रिसमसला दिवे लागले, लोकांनी केक आणले, पण ते दोन दिवसांत उरकलं. खरी घाई पुढची. इकडे दिवाळीआधी बायका घर जसं धुऊन काढतात तसं ते लोक नवीन वर्षाआधी धुतात. पुरुषसुद्धा गुडघ्यावर बसून फरशी पुसताना पाहून चंद्राबाईनं ऋषिकेशकडे सूचक नजर टाकली. मग दारादारांवर दोऱ्या लागल्या. भाताच्या पेंढ्याच्या, पिळून जाड केलेल्या, त्यात पांढरा कागद खोचलेला आणि वर एक संत्रं. चंद्राबाई एका दारापाशी थांबली आणि दोरी नखानं उसकून पाहू लागली.

"आई, हात नका लावू," सुरभी घाईनं म्हणाली. "देवाची असते ती. नवीन वर्षाचा देव घरात यावा म्हणून बांधतात."

"पेंढाच हाय की. पीळ उलटा दिलाय," चंद्राबाई म्हणाली. आपल्या खळ्यावरचा पेंढा इथं देव बोलावायला लागतो, हे तिला फार आवडलं. आल्यापासून पहिल्यांदा तिला त्या मुलखात ओळखीचं काहीतरी सापडलं होतं.

तीस तारखेला गल्लीतल्या लोकांनी मिळून मोची कुटली. मोची म्हणजे चिकट तांदळाचा वाफवलेला भात उखळात घालून कुटायचा, त्याचा पिठासारखा गोळा होईतो. देवळाच्या आवारात लाकडाचं भलंमोठं उखळ मांडलं होतं. एक जण लाकडी हातोडा उचलून मारत होता आणि दुसरा प्रत्येक घावाच्या मध्ये ओला हात घालून गोळा उलटत होता. चंद्राबाईचा जीव खालीवर झाला. "अरं हात सांभाळ, हात!" ती मराठीतच ओरडली. लोक हसले आणि हातोडा तिच्याच हातात दिला. लग्न होऊन आली तेव्हा दहा माणसांचं भात ती रोज कांडत होती. तिनं पदर खोचला आणि असा ठेका धरला की गोळा उलटणारा म्हातारा घामाघूम झाला. सगळे "योइश्यो, योइश्यो" करून टाळ्या वाजवू लागले. ऋषिकेशनं व्हिडिओ काढला. त्या पाच मिनिटांत चंद्राबाईला मालोजी आठवला नाही, मोरू आठवला नाही, काही आठवलं नाही.

मग एका बाईनं गरम मोचीत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण भरून बशी पुढे केली आणि चंद्राबाईचा चेहरा उतरला.

"आई, एवढी मेहनत केलीस, एक तरी खा," ऋषिकेश म्हणाला.

"गोड हाय रं ते."

"सहा महिने होत आले. मामा नाय आला तर तू काय जन्मभर गोड खाणार नायस? मी भरवतो, उघड तोंड."

"तुझा चालत नाय," म्हणून तिनं बशी सुरभीच्या हातात दिली. ऋषिकेश मामाच्या नावानं काहीतरी पुटपुटला. चंद्राबाईनं ते ऐकलं. त्या पुटपुटण्याची खरी धनीण ती स्वतः होती. तोंड उघडून सांगायचं तर मुलासमोर खोटी पडायची, आणि न सांगावं तर मोरू बिचारा हकनाक मार खात होता.

देवळातून घरी येताना तिला एक दार दिसलं. त्यांच्या घरापासून तिसरं. सगळ्या गल्लीत त्या एकाच दारावर दोरी नव्हती. बाहेर एक ठेंगणी म्हातारी बर्फ ओढत होती, एक फावडं ओढून झालं की थांबत होती. आल्यागेल्याकडे बघून किंचित वाकायची, पण बोलायची नाही. आणि लोकही तिच्याशी बोलत नव्हते, नुसते वाकून पुढे जात होते.

"हिच्या घरी कोण गेलं?" चंद्राबाईनं विचारलं.

सुरभी चमकली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? सगळ्यांना सण हाय, हिला नाय."

त्या मारुयामाबाई. मे महिन्यात त्यांचे यजमान गेले. सुरभीनं सांगितलं की इथंही ज्या घरी माणूस गेलं ते घर वर्षभर सण करत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला सगळ्यांना करड्या रंगाचं पत्र पाठवतात, आमच्याकडे दुःख आहे, शुभेच्छा पाठवू नका म्हणून. मुलगा लांब टोकियोत, तो यायचा नव्हता.

चंद्राबाईला त्या रात्री झोप लागली नाही. तिला त्या बाईची खरोखर कणव आली. भाऊ असेल-नसेल, मुलगा येत नाही, शेजारी वाकून निघून जातात, मग हिला बाहेर काढणार कोण? पण खरं सांगायचं तर नुसती कणव नव्हती. मनाच्या एका कोपऱ्यात तिनं दुसरा बेत मांडला होता. आपण त्या बाईच्या तोंडात घास घालायचा. तीही बाईमाणूस आहे, ती उलट एक घास आपल्याला घालेलच. दोघीही विधवा, दोघीही दुःखातल्या, अडल्या वेळी शेजारीण चालत असेल. तसं झालं की आपण मोकळ्या. मग मोरूची गरज नाही, खोटं उघडं पडायचा प्रश्न नाही. हा बेत तिला फार पसंत पडला. कशेळ्यात कुणाला पटला नसता, पण कशेळं इथून फार लांब होतं.

एक जानेवारीच्या सकाळी मुलगा-सून देवळात जायच्या तयारीत होते. चंद्राबाईनं कर्जतहून आणलेला रवा तुपात भाजला, गूळ घातला आणि शिरा केला. चव बघितली नाही, नुसत्या वासावर केला. वाटी पदराखाली धरून ती तिसऱ्या दाराशी गेली आणि घंटी दाबली.

मारुयामाबाईंनी दार उघडलं. समोर साडीवर जाकीट घातलेली बाई बघून त्या आधी गोंधळल्या, मग ओळख पटून वाकल्या. चंद्राबाईही वाकली. मग तिनं वाटीतला शिरा तीन बोटांत उचलला, पुढे झाली, डाव्या हातानं त्यांचा खांदा धरला आणि घास तोंडाशी नेला. "घ्या बाय," ती म्हणाली. "घ्या. पुरे झालं आता."

मारुयामाबाई घाबरून दोन पावलं मागे सरकल्या. दोन्ही हात तोंडावर. डोळे मोठे झालेले. त्यांनी काहीतरी भराभर म्हटलं, खाली वाकल्या, पुन्हा वाकल्या आणि वाकता वाकताच दार लावून घेतलं. अगदी हळू लावलं, आवाजसुद्धा झाला नाही. चंद्राबाई बोटांत घास धरून तशीच पायरीवर उभी राहिली. शिरा थंड झाला. निघावं की घंटी पुन्हा वाजवावी हे तिला कळेना, आणि पाय तर मुळीच निघेना.

सुरभीनं वरच्या खिडकीतून सगळं पाहिलं होतं. ती धावत आली आणि सासूला हाताला धरून घरी घेऊन गेली. ऋषिकेश कपाळाला हात लावून बसला.

"आई, मला विचारायचंस तरी! इथं कुणी कुणाच्या तोंडात घास घालत नाय. आणि आजच्या दिवशी तर त्यांच्या दारातही जात नायत. दुःख असलं की माणसाला एकटं सोडतात, तोच त्यांचा मान."

"मग तिला बाहेर कोण काढतं?"

"कुणी नाही," सुरभी हळू म्हणाली. "वर्ष सरलं की पुढच्या डिसेंबरात त्या आपल्या हातानं दोरी बांधतील."

चंद्राबाईला हे पटलं नाही, पण ती वाद घालायच्या अवस्थेत नव्हती. ती खजील झाली होती. देवळात जायला निघाले तर तिनं मान वर केली नाही. देवळासमोर ही रांग लागलेली, माणसं बर्फात तासतासभर शांत उभी. पैसा टाकायचा, दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची आणि मागणं मागायचं. चंद्राबाईनं टाळी वाजवली, डोळे मिटले आणि मोरू समोर उभा राहिला.

श्रावणातला मोरू. छत्री असून निम्मा भिजलेला, पडवीत टाचा घासून चिखल काढत होता. म्हातारा झाला होता, हे तिला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. त्यानं डबा उघडला, आवडीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, केलेली पुरणपोळी मोडली आणि घास पुढे केला. "आक्का, तोंड उघड," एवढंच म्हणाला. आणि ती म्हणाली होती, "ते जित्ते असताना आला असतास तर हजार बारी उघडलं असतं. मसणात पण बाहेरच्या बाहेर उभा राहिलास. जा आता. तुझं तोंड नको मला." आणि दार लावलं होतं. हळू नव्हतं लावलं. आत उभी राहून ती त्याच्या जाण्याची चाहूल घेत राहिली, पण किती तरी वेळ पावलं वाजलीच नाहीत. तो तिथंच उभा होता. तेव्हा तिला वाटलं होतं, बरं झालं, राहू दे उभा.

आता तिला कळलं की तो का हलत नव्हता. पुढे केलेला घास परत कुठं ठेवायचा हे त्याला सुचत नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं तसं तिनं पुढच्या माणसाला जागा करून दिली. बाहेर तांदळाचं गरम गोड पेय वाटत होते, तेही तिनं घेतलं नाही. ऋषिकेशनं आग्रह केला नाही.

पुढचा आठवडा चंद्राबाई घराबाहेर पडली नाही. मारुयामाबाईंचं दार दिसेल म्हणून बर्फ ओढायलाही गेली नाही. आज मुलाला खरं सांगायचं म्हणून रोज सकाळी उठायची आणि संध्याकाळपर्यंत मूग गिळून बसायची. आईला घरची आठवण येतेय, असं ऋषिकेशला वाटलं.

सात तारीख गेली. दारादारांवरच्या दोऱ्या उतरल्या, सण संपला. आठ तारखेला सकाळी घंटी वाजली. दारात मारुयामाबाई होत्या, काळा कोट घालून, हातात कागदात नीट बांधलेली सुकवलेली फळं. त्या इतक्या खाली वाकल्या आणि इतका वेळ वाकून राहिल्या की चंद्राबाईला भीती वाटली, हिची कंबर धरली की काय.

सुरभी सांगत गेली. "त्या म्हणतात, त्या दिवशी मी घाबरले. मला कळलं नाही. मग घरात बसून विचार केला, ही बाई मला लहान मुलासारखं भरवायला आली होती. नवरा गेल्यापासून मला कुणी हातही लावला नव्हता. मी तिला बर्फात उभं ठेवून दार लावलं, माझी फार मोठी चूक झाली. सण चालू असताना दुःखातल्या माणसानं कुणाच्या घरी जायचं नसतं, म्हणून सात दिवस थांबावं लागलं. सात दिवस मला झोप नाही."

चूक चंद्राबाईची, आणि माफी मागायला आली ती ही बाई. तीही मोजून सात दिवसांत, सणानं अडवलं नसतं तर त्याच दिवशी. आणि आपण? श्रावण, भाद्रपद, दिवाळी, सगळं गेलं. तिनं मारुयामाबाईंचे हात धरले. बोलायला भाषा नव्हती हे एका परीनं बरंच झालं. मग मारुयामाबाई पुन्हा वाकून निघून गेल्या.

दार लागल्यावर चंद्राबाई ऋषिकेशकडे वळली. "तुझा मामा आल्ता," ती म्हणाली.

"कधी?"

"श्रावणात. गोड घेऊन आल्ता. मीच हाकलला. तुला खोटं बोलले."

ऋषिकेश चिडला, आईवर असा तो कधी चिडला नव्हता. "अगं, सगळ्या भावकीसमोर मी त्याला काय काय लिहिलं! त्यानं एका शब्दानं सांगितलं नाय!"

"नाय सांगितलं. माझी अब्रू राखली त्यानं."

"मी आत्ता फोन करतो. ग्रुपवर लिहितो."

"तू काय पण लिहायचं नाय," चंद्राबाई म्हणाली. "घाण मी केली, मीच काढीन."

संक्रांत जपानातच गेली. त्यानंतरच्या आठवड्यात ऋषिकेशनं तिला ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर मुंबईच्या विमानात बसवून दिलं. गाडीवाल्याला कर्जत सांगितलं होतं. पनवेल सोडल्यावर चंद्राबाई त्याला म्हणाली, "आधी शिळफाटा घे."

मोरूचं घर हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत. दार उघडंच होतं. मोरू ओटीवर बसून नातीची सायकल उलटी करून साखळी बसवत होता. हात काळे झालेले. बहीण समोर दिसल्यावर तो उठला नाही. चंद्राबाईही उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मी हितंच उभी राहते," ती म्हणाली. "तू म्हणशील तितका वेळ. दार लावून घेतलंस तरी चालेल."

मोरूनं साखळी बसवली, पायडल फिरवून पाहिलं. आतून आवडी पदराला हात पुसत आली आणि जागच्या जागी थांबली.

"आक्का, ऊन लागतंय. आत ये," मोरू म्हणाला.

मग तिघं बराच वेळ रडली, ते सांगत बसत नाही. आवडीनं घाईघाईनं शिरा टाकायला कढई काढली तेव्हा मोरूनं तिला थांबवलं. "हितं नको. गोड भयणीच्या दारात द्यायचं असतं. रविवारी येतो. तू फकस्त दार उघडं ठेव, आक्का."

रविवारी चंद्राबाईनं अंगण सारवलं आणि सकाळीच मोतीबाईच्या घरी जाऊन सांगितलं, "दुपारी ये. येताना जेवढ्या बाया भेटतील तेवढ्या घेऊन ये." मोतीबाईला असलं काम दोनदा सांगावं लागत नाही. बारा वाजता अंगणात पंधरा-वीस बायका, ओट्यावर चार पुरुष, कुंपणाला टेकलेली पोरं. कशेळ्याच्या जीपमधून मोरू आणि आवडी उतरली. मोरूनं नवी टोपी घातली होती. बायकांत कुजबुज झाली, आता उगवला, म्हणून. मोरूनं ती ऐकली आणि मान खाली घालून पुढे आला. पुरणपोळीचा घास मोडून त्यानं हात पुढे केला.

"आक्का, तोंड उघड."

"थांब," चंद्राबाई म्हणाली आणि बायकांकडे वळली. "मोतीबाई, नीट ऐक. पुढं सांगायचं काम तुझंच हाय. ह्यो माझा भाऊ आता नाय उगवला. श्रावणात आल्ता, सव्वा महिना झाला त्याच दिवशी. असाच घास धरून हितं उभा व्हता. मी त्याच्या तोंडावर दार लावलं. आणि ऋषीला म्हणलं, मामा आला नाय. खोटं बोलले मी. तुमी सगळ्यांनी त्याला नावं ठेवलीत ती माझ्यामुळं."

मोतीबाईनं तोंडाला पदर लावला.

"काय पण बोलतेस, आक्का?" मोरू एकदम म्हणाला. "मी कुठं आल्तो? मला बरं नव्हतं श्रावणात. मी नाय आलो. मोतीबाय, हिचं ऐकू नका, दुःखानं डोकं जाग्यावर नाय तिचं."

"तू गप रं! आल्तास!"

"नाय आल्तो!"

"भर पावसात आल्तास!"

"सांगितलं ना, नाय आल्तो म्हणून!"

"पुरं करा की दोघं," आवडी मध्येच ओरडली. ती हसत होती का रडत होती हे तिचं तिलाच कळत नव्हतं. "मी करून दिलेल्या वीस पोळ्या तशाच परत आल्या. तीन दिवस ह्यांनी घरात अन्न शिवलं नाय. आणि म्हणे नाय आल्तो!"

मोरूचा हात अजून पुढेच होता. चंद्राबाईनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि तोंड उघडलं. घास चावून गिळायला तिला फार वेळ लागला. सगळं अंगण बघत होतं. मनगट तिनं सोडलं नाही.

"आणि एक दे," ती म्हणाली.